थायरॉईडची गोळी आणि पायलटचं मेडिकल: लेकीला काय सांगू?

वेंगुर्ल्याचा_बाबा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय लेकीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या सड्यावर मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं तेव्हा लेक नववीत होती. परुळ्याच्या बाजूला रस्त्यावर गर्दीत आम्ही उभे होतो. अलायन्स एअरचं एटीआर, दोन पंख्यांचं. चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. त्या दिवसापासून "मला हे चालवायचंय" हे एकच. अकरावी-बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं, यंदा चांगल्या मार्कांनी पास झाली. फ्लाईंग स्कूलची चौकशी केली, कलमांच्या बागेच्या जोरावर कर्जाचं बोलणंही करून ठेवलं.

आता अडचण. फेब्रुवारीपासून ती दुपारी पुस्तकावर डोकं टेकून झोपायची. आम्ही म्हटलं परीक्षेचा ताण. केस विंचरले की फणी भरून केस यायचे, त्यालाही आम्ही ताणच म्हटलं. एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली की आम्ही सगळे पडवीत घामाने निथळत बसायचो आणि लाईट आल्यावर ही म्हणायची, "पंखा नको, थंडी वाजते." तिथे बायको सावध झाली. कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. टीएसएच १८.६ (थायरॉईड मंदावला की हा आकडा वाढतो म्हणे), फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन खालच्या मर्यादेच्या किंचित खाली, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली आणि सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगितलं.

अ‍ॅडमिशनची कामं करून देणाऱ्या मुंबईतल्या एका माणसाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे कुठे बोलू नका. मेडिकलच्या आठवड्यात गोळी बंद ठेवा, फॉर्मवर 'नो मेडिसिन' लिहा. थायरॉईड कळला तर पर्मनंट अनफिट." लेक बाजूलाच उभी होती, तिने सगळं ऐकलं. दोन दिवस धड जेवली नाही.

जाणकारांनी खरं काय ते सांगा. थायरॉईड असताना पायलट होता येतं का? आणि त्या माणसाने सांगितलं तसं कोणी करतं का?

समुद्रपक्षी

काका, गोळी बंद करू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी.

गुहागरचा_वैमानिक

काका, मी गुहागर तालुक्यातला. सध्या एअरबस ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहे. २०१९ पासून थायरॉईडची गोळी घेतो आणि तेव्हापासून दरवर्षी क्लास वन मेडिकल पास होतोय. हे लेकीला आज रात्रीच वाचून दाखवा.

आता नीट सांगतो. आपल्याकडे डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मेडिकल दोन पायऱ्यांची. स्टुडंट पायलट किंवा प्रायव्हेट लायसन्ससाठी क्लास टू, ती डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते. कमर्शियल लायसन्सला क्लास वन लागते. ती पहिल्यांदा करायची तर वायुसेनेची केंद्रं आहेत, त्यातलं बेंगळुरूचं आयएएम (इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन) तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ. कागदपत्रं सगळी डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर.

जगभरच्या मेडिकलचा पाया म्हणजे आयकाओचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं) अ‍ॅनेक्स १. आपले नियम सीएआर (डीजीसीएची नियमावली) सेक्शन ७, सिरीज सी मध्ये आहेत, तेही त्याच धर्तीचे. हार्मोन्सच्या आजारांबद्दल अ‍ॅनेक्सचं म्हणणं असं की ज्या आजाराने लायसन्सचं काम सुरक्षितपणे करण्यात बाधा येण्याची शक्यता आहे, त्या आजाराचा उमेदवार अनफिट. वाक्य नीट वाचा. आजाराचं नुसतं नाव असलं म्हणून कोणी अनफिट होत नाही, कामात बाधा येते का हे बघतात. युरोपच्या नियमात तर स्पष्ट लिहिलंय की थायरॉईड कमी असो वा जास्त, पातळी नॉर्मलला येऊन स्थिर झाली की फिट देण्याचा विचार करता येतो. अमेरिकेत हायपोथायरॉईड (थायरॉईड कमी) हा अशा आजारांच्या यादीत आहे, जिथे अटी पूर्ण असतील तर तपासणारा डॉक्टर स्वतःच सर्टिफिकेट देऊ शकतो, फाईल वर पाठवावी लागत नाही. लेक नोकरीला लागली की तिला कळेल की गोळी घेणारे किती वैमानिक कॉकपिटमध्ये बसतात.

माझं सांगतो. लायसन्स होतं, नोकरी होती, आणि सलग चार ड्युटीनंतर घरी आलो की जिन्यात बसून राहायचो. वर चढायची ताकद नसायची. टीएसएच २२ निघाला. त्याच दिवशी कंपनीच्या डॉक्टरांना कळवलं आणि उडणं थांबवलं. प्रकृती बिघडल्याचं कळलं की लायसन्स खिशात असूनही ते वापरायचं नाही, हा नियमच आहे. टेंपररी अनफिट झालो. गोळी सुरू केली, डोस दोनदा बदलला, टीएसएच नॉर्मलला आला, एंडोक्रायनॉलॉजिस्टचा रिपोर्ट घेऊन मेडिकल बोर्डापुढे गेलो आणि फिट झालो. ते महिने कठीण गेले, खोटं बोलत नाही. पण "टेंपररी" या शब्दाचा अर्थ टेंपररी असाच होता.

लपवण्याबद्दल. मेडिकलच्या फॉर्मवर आजार, औषधं, आधीचे उपचार विचारतात आणि खाली आपली सही असते. आज अठराव्या वर्षी खोटी सही केली तर ती पुढची पस्तीस-चाळीस वर्षं मानगुटीवर बसते. कधी ना कधी रक्तात सापडतं, नाहीतर इन्शुरन्सच्या क्लेममध्ये जुना कागद निघतो. तेव्हा प्रश्न थायरॉईडचा राहत नाही, तुम्ही खोटं लिहिलंत हा होतो. त्यावर कुठलीही गोळी नाही.

नलूमावशी_मालवण

बाय, अजिबात घाबरा नको. माका एकवीस वर्सां झाली गोळी घेवक. चार पोरांचा शिक्षान, शेती, दोन म्हशी, सगळा केलंय. विमान चालवचा तर तूच चालवशीत, माका चिपीहून मुंबैक घेवन जा.

सावंतवाडीचा_डॉक्टर

मी एमडी मेडिसिन आहे, विमान वैद्यकातला तज्ज्ञ नाही, त्यामुळे फिट-अनफिटबद्दल वरच्या वैमानिकांचा शब्द. मी फक्त ग्रंथीबद्दल लिहितो, कारण त्या एजंटने सांगितलेलं वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचं आहे.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा हाशिमोटो. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने वर्णन केलेला आजार. आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर हल्ला करते, ग्रंथी हळूहळू कमी हार्मोन बनवते. मेंदूखालची पिट्युटरी मग जोरजोरात हाका मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी मंदावली की टीएसएच वाढतो. साधारण ०.४ ते ४ ही पातळी बहुतेक लॅब नॉर्मल धरतात.

गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. ग्रंथी जे बनवत होती तेच. गुंगी आणणारं नाही, सवय लावणारं नाही. आता महत्त्वाचं: हे रक्तातून अर्धं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच बघतात, त्याआधी आकडा स्थिरच झालेला नसतो. आणि म्हणूनच दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवली तर कोणाला काही कळणारही नाही आणि काही फायदाही नाही. आठवडा-दोन आठवडे बंद ठेवली तर टीएसएच चढायला लागेल, म्हणजे नेमकं मेडिकलच्या दिवशी मुलगी जास्त आजारी दिसेल. नुकसान दोन्हीकडून.

विमान चालवणाऱ्याच्या बाबतीत हा आजार गांभीर्याने का घेतात तेही समजून घ्या. उपचार न केलेल्या हायपोमध्ये माणूस मंदावतो. झोप, विसराळूपणा, नाडी संथ, निर्णयाला वेळ. पण डोस जास्त झाला तर उलटा धोका. छातीत धडधड, हात थरथरणं आणि काहींना एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचा अनियमित ठोका. तेव्हा आकडा लवकर खाली यावा म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका.

रोजच्या सवयी. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर चहा-नाश्त्याला निदान अर्धा तास, जमलं तर तास. रक्तवाढीची लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर. आपल्याकडे मुलींना लोहाची गोळी सकाळीच देतात, तिथे घोळ होतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. काही मशिनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो.

आणि एक खास आपल्या हवेचं. ही गोळी उष्णता, उजेड आणि दमटपणाने खराब होते. पावसाळ्यात बाटली स्वयंपाकघरात चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली मी घरोघरी बघतो. एका पेशंटचा डोस सहा महिन्यांत दोनदा वाढवला, तरी टीएसएच हलेना. शेवटी बाटली मागवली. झाकण नीट बसत नव्हतं आणि तळाशी गोळ्यांचा भुगा झाला होता. नवी बाटली, कोरड्या कपाटात, आणि जुन्याच डोसवर आकडा खाली आला.

वेंगुर्ल्याचा_बाबा

डॉक्टर, आत्ता उठून बघितलं. आमची बाटली खिडकीत, बाजूला पाण्याची कळशी. हलवली कपाटात. आणि हो, केसांसाठी बायोटिन चालू होतं, मैत्रिणीने सांगितलं म्हणून. आजपासून बंद.

रेवदंडा_किनारा

एक प्रश्न आहे. थायरॉईड आयोडीनच्या कमतरतेने होतो असं शाळेत शिकलो. आम्ही किनाऱ्याची माणसं, रोज बांगडा-तारली-कोळंबी. आमच्याकडे तरी हा आजार व्हायला नको. मग घरटी एक बाई गोळी घेताना का दिसते? मीठ बदललं तर फरक पडेल का?

सावंतवाडीचा_डॉक्टर

चांगला प्रश्न. आयोडीनच्या कमतरतेने गलगंड होतो हे खरं. हिमालयाच्या पायथ्याला तो घरोघरी होता, कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाने तो कमी होतो हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण हाशिमोटो हा वेगळा आजार. आयोडीन पुरेसं असलेल्या भागात हायपोथायरॉईडचं मुख्य कारण तोच आहे. मासे खाऊन तो टळत नाही आणि मासे सोडून बराही होत नाही.

मिठाबद्दल एक गैरसमज दूर करतो. शिरोड्याच्या मिठागराचं खडे मीठ समुद्राचं, म्हणून त्यात आयोडीन भरपूर, असं बरेच जण धरून चालतात. समुद्राच्या मिठात आयोडीन नैसर्गिकरीत्या फारच थोडं असतं. मासे खारवायला, लोणच्याला वापरा, पण रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच मीठ ठेवा.

आणि उलट टोकाला जाऊ नका. समुद्री शेवाळाच्या, केल्पच्या गोळ्या "थायरॉईड सपोर्ट" म्हणून ऑनलाईन विकतात. त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं आणि हाशिमोटोमध्ये त्याने ग्रंथी आणखी मंदावू शकते. मुलीने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दापोली_बर्वे_वाडी

आमच्या घरातला अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. माझा धाकटा भाऊ कॅडेट पायलट होता, ट्रेनिंगमध्ये उडण्याचे साठ तास झालेले. त्याला ग्रेव्हज निघाला, म्हणजे थायरॉईड जास्त. वजन आठ किलो उतरलं, हात इतका थरथरायचा की पेनाने लॉगबुक भरताना अक्षर वाकडं यायचं. त्याला लवकर फिट मिळालं नाही. कार्बिमाझोल हे थायरॉईड कमी करणारं औषध सुरू झालं, आणि त्या औषधावर ताप किंवा घसादुखी आली तर लगेच रक्त तपासायचं असतं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. डोळ्यांची वेगळी तपासणी झाली. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांचे स्नायू सुजून एकाच्या दोन वस्तू दिसू शकतात, आणि दोन धावपट्ट्या दिसणारा माणूस विमान उतरवू शकत नाही. हृदयाचे ठोके सलग नोंदवणारा होल्टरही लावला.

शेवटी त्याने रेडिओआयोडीन घेतलं, म्हणजे ग्रंथीचं काम कमी करणारं किरणोत्सारी आयोडीन. त्यानंतर ग्रंथी मंदावली आणि आज तो काकांच्या लेकीसारखाच सकाळची गोळी घेतो. सव्वा वर्ष गेलं, पण उडतोय. हे घाबरवायला लिहीत नाही. "थायरॉईड" या एका शब्दाखाली दोन उलटे आजार येतात आणि लोक सांगोवांगी एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटवतात, म्हणून लिहिलं. त्या एजंटने कदाचित अशीच कुणाची तरी अर्धवट गोष्ट ऐकली असेल.

समुद्रपक्षी

+१. हा फरक इतका स्पष्ट कुणी सांगितला नव्हता.

गुहागरचा_वैमानिक

काका, पुढचं व्यवहाराचं. फ्लाईंग स्कूलची मोठी फी भरण्याआधी क्लास टू आणि क्लास वन दोन्ही करून घ्या. कमर्शियलसाठी दोनशे तास उडावं लागतं, तो सगळा खर्च मेडिकलच्या भरवशावर असतो. कर्ज काढून अर्ध्यावर अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. आणि मेडिकलची घाई करू नका. टीएसएच नॉर्मलला आल्यावर निदान दोन रिपोर्ट, काही आठवड्यांच्या अंतराने, एकाच लॅबचे आणि सकाळी साधारण एकाच वेळचे घ्या. टीएसएच दिवसात वरखाली होतो. पहिला जुना रिपोर्टही फाईलला लावा. १८.६ वरून खाली आलेली रांग बोर्डाला दिसली की त्यांना आजार आणि उपचार दोन्ही कळतात. एंडोक्रायनॉलॉजिस्टचं पत्र घ्या. त्यात निदान, डोस, कधीपासून, लक्षणं आहेत की नाहीत, औषधाचा त्रास आहे की नाही, हे साध्या शब्दांत असू दे.

एजंटला फोन करायचा तर एवढंच सांगा की काम दुसरीकडे दिलं.

लेकीसाठी एक. मला पहाटे चारचा पिकअप असला की तीनचा गजर गोळीसाठी लावायचो. हॉटेलच्या खोलीत अंधारात, चहाची किटली समोर आणि ती तासभर लावायची नाही. शेवटी डॉक्टरांना विचारून झोपतानाची वेळ केली, जेवणानंतर तीन-चार तासांनी. आकडा स्थिर आहे.

मी_माऊली

काका, मी आई म्हणून लिहिते. माझ्या मुलीला तेराव्या वर्षी निघाला. ती तेव्हा कोणालाच सांगायची नाही, वर्गातही डबीतली गोळी लपवायची. तुमची लेक जेवली नाही ते वाचून पोटात तुटलं. तिला रिपोर्ट स्वतः वाचायला द्या, फाईल स्वतः लावायला द्या. माझीने आकड्यांची वही केली आणि त्या दिवसापासून लपवणं बंद झालं.

वेंगुर्ल्याचा_बाबा

मंडळी, नऊ आठवड्यांनी लिहितोय.

सहाव्या आठवड्याला टीएसएच ६.८. डोस ७५ केला. परवाचा रिपोर्ट ३.१, फ्री टी-४ नॉर्मल. पण मला आकड्याआधीच कळलं होतं. आषाढातल्या एका सकाळी, बाहेर धो धो पाऊस, आणि ही पाच वाजता उठून पडवीत फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसलेली. शेजारी पाण्याचा तांब्या आणि मोबाईलवर टायमर. मी चहा आणला तर म्हणाली, "बाबा, अजून अकरा मिनिटं." वहीपण केली आहे. माऊलीताई, तुमचे आभार तिने स्वतः लिहायला सांगितले.

एजंटला कळवलं. तो म्हणाला पस्तावाल. मी फोन ठेवला.

आणखी एक रिपोर्ट पुढच्या महिन्यात, मग क्लास टू.

वेंगुर्ल्याचा_बाबा

आज क्लास टू झाली. डॉक्टरांनी फॉर्म बघितला. औषधाच्या रकान्यात लेकीने स्वतःच्या अक्षरात गोळीचं नाव आणि डोस लिहिला होता. त्यांनी फाईल मागितली, चारही रिपोर्ट एकापुढे एक ठेवून बघितले, पत्र वाचलं. तिला विचारलं, "झोप येते का दिवसा?" ती म्हणाली, "यायची, आता नाही." नाडी, डोळे, कान, ईसीजी. दीड तास. फिटची शिफारस करून फाईल पुढे पाठवली आहे, डीजीसीएचं उत्तर यायचं आहे.

बाहेर आल्यावर तिला भूक लागली. तीन घावणे खाल्ले.

नलूमावशी_मालवण

माझा तिकीट बुक करून ठेव गो.

वेंगुर्ल्याचा_बाबा

मावशी, फिट आलं. फाईल नंबर मिळाला. बेंगळुरूची क्लास वनची तारीखही मिळाली. मडगावहून रेल्वेने जाणार आहोत.

एकच शेवटची शंका, गुहागरकर आणि डॉक्टर. तिथे सकाळी उपाशीपोटी रक्त घेतील. गोळी त्याआधी द्यायची की नंतर?

सावंतवाडीचा_डॉक्टर

रक्त दिल्यावर. आधी घेतली तर काही तास फ्री टी-४ थोडा जास्त दिसू शकतो. बाटली हँडबॅगेत ठेवा, झाकण घट्ट लावून.

गुहागरचा_वैमानिक

आणि सगळ्या रिपोर्टचे दोन झेरॉक्स संच. एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे.